इथेनॉलच्या टाकीला साधा फोम चालतो का? कोटेशन बघून शंका येतेय

वारणाकाठचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरी विस्ताराच्या कामावर प्रोजेक्ट इंजिनिअर आहे, आजवर इव्हॅपोरेटर, पंप, पाईपिंग एवढंच केलंय, फायर फायटिंगचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय. इथेनॉल साठवायला दोन नवीन टाक्या होणार आहेत, दोन्ही १६ मीटर व्यासाच्या, १२ मीटर उंच, कोन रूफ (निमुळतं छत), एकाच डाईकमध्ये (सांडलेलं अडवणारा बांध). माल ॲब्सोल्यूट अल्कोहोल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्यांना टँकरने जातो तोच.

फोम सिस्टिमसाठी दोन कोटेशन आलीत. पहिल्या पार्टीने ३ टक्केवाला एएफएफएफ (तेलाच्या आगीचा साधा फोम, पाण्यात ३ टक्के मिसळायचा), ८०० लिटरचा ब्लॅडर टँक (आत पिशवीत फोम, बाहेरून पाण्याचा दाब), प्रत्येक टाकीला एक फोम चेंबर (वरच्या कडेला बसतो, आत फेस सोडतो) आणि डाईकच्या कडेला दोन मॉनिटर (लांबवर फवारा मारणाऱ्या तोट्या) असं दिलंय. हिशोबही जोडलाय, क्षेत्रफळ २०१ चौरस मीटर, गुणिले चौरस मीटरला ४.१ लिटर दर मिनिटाला, म्हणजे मिनिटाला ८२४ लिटर, गुणिले ३० मिनिटं, त्याचे ३ टक्के म्हणजे ७४२ लिटर फोम. गुणाकार मी दोनदा करून बघितला, बरोबर आहे. पण दुसऱ्या पार्टीने थेट ५००० लिटरचा ब्लॅडर टँक दिलाय, फोम वेगळा, चेंबर दोन दोन, आणि किंमत अर्थातच कितीतरी जास्त. आमचे साहेब म्हणतात दुसरा लुटायला बसलाय, पहिल्याला ऑर्डर लाव. माझं मन काही धजत नाही. टाकी तीच, माप तेच, मग ७४२ आणि ५००० एवढा फरक येतो कुठून? आणि मॉनिटर आहेत म्हटल्यावर चेंबरचं एवढं काय घेऊन बसायचं, असंही एकजण म्हणाला, त्याबद्दल पण सांगा. सही मला करायचीय म्हणून विचारतोय.

डिझाईन_टेबल_पुणे

सही करू नका. पहिल्या कोटेशनचा गुणाकार बरोबर आहे पण तो डिझेलच्या टाकीचा आहे, तुमच्या टाकीचा नाही.

४.१ आणि ३० मिनिटं हे दोन्ही आकडे एनएफपीए ११ या अमेरिकन फोम स्टँडर्डमधले, पण ४.१ हायड्रोकार्बनसाठी आहे, आणि ३० मिनिटं ही ३७.८ ते ६० डिग्री फ्लॅश पॉईंटवाल्या (ज्या तापमानाला वाफ पेट घेण्याइतकी होते) द्रवासाठी, म्हणजे डिझेल, रॉकेल वगैरे. फ्लॅश पॉईंट ३७.८ च्या खाली असला की चेंबरसाठी ५५ मिनिटं धरायची. इथेनॉलचा फ्लॅश पॉईंट १३ डिग्रीच्या आसपास आहे, आपल्याकडे थंडीतली पहाट सोडली तर तो कायमच ओलांडलेला असतो. म्हणजे वेळेतच जवळपास दुपटीचा घोळ झाला.

पण खरी चूक त्याच्याही आधीची आहे, फोमच चुकीचा निवडलाय. साधा एएफएफएफ डिझेल-पेट्रोलवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवतो आणि वाफ दाबून धरतो, हे जमतं कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल पाण्यात कसंही, कितीही मिसळतं. फेसाच्या बुडबुड्यात जे पाणी असतं ते इथेनॉल ओढून घेतं आणि फेस बसतो, वरून कितीही ओता. त्यासाठी अल्कोहोल रेझिस्टंट फोम लागतो, एआर-एएफएफएफ, त्यात पॉलिमर असतो, तो अल्कोहोलला लागला की साईसारखा थर धरतो आणि त्या सायीवर उरलेला फेस टिकतो.

आता दर. अल्कोहोलसाठी पुस्तकात एकच ठरलेला दर मिळत नाही, ज्या कंपनीचा फोम घ्याल त्याच्या लिस्टिंगमध्ये (तपासून मान्य झालेल्या तक्त्यात) इथेनॉलसमोर, टाईप टू डिस्चार्जसाठी, म्हणजे चेंबरसाठी, जो आकडा असेल तो घ्यायचा. समजा ६.९ निघाला, तर २०१ गुणिले ६.९ म्हणजे १३८७ लिटर दर मिनिटाला. ५५ मिनिटांचं सोल्यूशन साधारण ७६,३०० लिटर. फोम जर ३ बाय ६ प्रकारचा असेल, म्हणजे तेलावर ३ टक्के आणि अल्कोहोलवर ६, तर ४५७७ लिटर झाले. त्यात एक फोम होज, १८९ लिटर दर मिनिटाला, २० मिनिटं, त्याचे २२७. शिवाय पाईप भरायला लागतो तो फोम, १५० एनबीची (साधारण १५० मिमी आतल्या व्यासाची) १२० मीटर लाईन धरली तर आणखी १३४. बेरीज ४९३८. तुमच्या दुसऱ्या पार्टीचे ५००० इथून आले असणार. तो लुटत नाहीये, उलट त्याने हिशोब नीट केलाय.

पैसे वाचवायचे असतील तर ३ बाय ३ वाला फोम मागा, जो अल्कोहोलवर पण ३ टक्क्यांनीच चालतो, त्यात हीच बेरीज २४७० च्या आसपास येते, टँक जवळपास निम्मा. फक्त मग लिस्टिंगमधला दर त्या ३ टक्क्यांसाठीचाच आहे ना हे कागद समोर ठेवून बघा, कारण कॅटलॉगच्या पहिल्या पानावर एक असतं आणि आतल्या तक्त्यात दुसरं.

चेंबरच्या संख्येबद्दल. एनएफपीएमध्ये २४ मीटरपर्यंत एक चालतो, ओआयएसडी ११७ (आपल्याकडचं तेल उद्योगाचं सुरक्षा स्टँडर्ड) मध्ये २० मीटरपर्यंत दोन सांगितलेत. मी दोनच घालते, समोरासमोर. टाकीत स्फोट होऊन छत उडालं तर ते शेलची, म्हणजे टाकीच्या उभ्या भिंतीची, वरची कड घेऊन जातं, आणि एकुलता एक चेंबर नेमका त्याच बाजूला असला तर पुढचं सगळंच संपलं. दोन्हीच्या लाईन वेगळ्या, दोन्हीला वेगळे व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह डाईकच्या बाहेर, टाकीच्या व्यासाइतके तरी लांब, म्हणजे तुटलेल्या बाजूचा बंद करून दुसरा चालू ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट, यात बरेच जण फसतात. चेंबरच्या तोंडाशी ओरिफिस प्लेट (ठरावीक भोकाची चकती) असते, ती तुमच्या लाईनच्या खऱ्या प्रेशरला कापलेली पाहिजे. तुमच्या केसमध्ये एका चेंबरला ६९४ लिटर हवंय, ते साडेतीन किलोला मिळेल अशी प्लेट लावली आणि प्रत्यक्षात तिथे सात किलो पोचलं, तर चेंबर १.४१ पट ओतणार. वरवर वाटतं चांगलंच आहे की, पण ५५ मिनिटांचा साठा ३९ मिनिटांत संपतो. म्हणून आधी हायड्रॉलिक हिशोब, मग प्लेट. प्लेटवर आकडा कोरून घ्या आणि तो ड्रॉईंगवर पण येऊ द्या.

शिवडीचा_बंबवाला

पुण्याच्या ताईंनी हिशोब चोख सांगितलाय, त्यात मी हात घालत नाही. माझी सगळी नोकरी पेट्रोलियम टर्मिनलच्या फायर स्टेशनला गेली, म्हणून मी आगीच्या बाजूने सांगतो.

तुमच्या मॉनिटरचं आधी. मॉनिटरचा फेस उंचावरून जोरात येऊन पडतो, डिझेलमध्ये तो थोडा बुडून पुन्हा वर येतो, अल्कोहोलमध्ये बुडाला की गेला. अल्कोहोलला फेस अलगद पाहिजे. चेंबरच्या आत डिफ्लेक्टर असतो तो फेसाला शेलच्या भिंतीवर वळवतो आणि फेस भिंतीवरून घसरत, दुधावर साय सरकावी तसा, पृष्ठभागावर पसरतो. टाकीच्या खोल अल्कोहोलवर मॉनिटरचा भरवसा धरू नका, मॉनिटर ठेवा ते डाईकमधल्या सांडलवंडीसाठी आणि शेजारच्या टाकीवर पाणी मारायला. बुडातून फोम सोडायची पद्धत कोणी सुचवली तर तीही अल्कोहोलला चालत नाही, फेस वर येईपर्यंत उरतच नाही.

दुसरं, ही आग दिसत नाही. शुद्ध अल्कोहोलची ज्वाळ फिकट निळी, दुपारच्या उन्हात डोळ्याला फक्त हवा थरथरताना दिसते. डिझेलसारखा काळा धूर नाही, त्यामुळे लांबून कळतही नाही. माणूस आगीत चालत जाऊ शकतो, खरंच. तुमच्या फायर टीमला एक थर्मल कॅमेरा घेऊन द्या, ही चैन नाही, गरज आहे.

तिसरं, लोकांना वाटतं पेट्रोल जास्त धोक्याचं आणि स्पिरिट त्या मानाने गरीब. बंद टाकीचं उलट आहे. पेट्रोलच्या टाकीत वरच्या पोकळीत वाफ एवढी दाट असते की बहुतेक वेळा ती पेट घेण्याच्या पलीकडे गेलेली असते. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असली की पेटते, आणि २० डिग्रीला टाकीत ती भरते ६ टक्क्यांच्या आसपास, ४० डिग्रीला १८ च्या आत. म्हणजे आपल्याकडे उन्हाळा असो हिवाळा असो, टाकीचा वरचा भाग बहुतेक वेळ पेटण्याच्या टप्प्यात. म्हणून व्हेंटचा फ्लेम अरेस्टर (ज्वाळ आत जाऊ न देणारा), अर्थिंग, टँकर लोडिंगचं बाँडिंग यात काटकसर करायची नाही. फोम हा सगळ्यात शेवटचा मोहरा आहे.

जगात अशी टाकी पेटलेली आहे. २००४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात पोर्ट केंब्लाला इथेनॉलच्या टाकीत स्फोट होऊन आग लागली, विझायला वीसेक तास लागले. आणि आपल्या दारातलं म्हणाल तर ६ ऑक्टोबर २०१७ ला बुचर बेटावर, म्हणजे जवाहर द्वीपावर, वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तीन दिवस धुमसली. तिथे निदान डिझेल होतं, चारी बाजूंनी समुद्राचं पाणी होतं. तुमच्याकडे पाणी किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. ते आधी सांगा.

साहेबांना पटवायचं असेल तर एक करा. तुमच्याच लॅबमध्ये काचेच्या दोन रुंद बरण्या घ्या, एकीत डिझेल, एकीत तुमचं अल्कोहोल, दोन बोटं भरून. पहिल्या पार्टीकडून एएफएफएफचं लिटरभर सॅम्पल मागवा, पाण्यात ३ टक्के करून बाटलीत जोरात हलवा, फेस दोन्हीवर चमच्याने अलगद सोडा. पेटवायची अजिबात गरज नाही, पेटवू नका. नुसतं बघा.

वारणाकाठचा_मेकॅनिकल

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलेलं काल केलं. डिझेलवरचा फेस तसाच बसून राहिला, आम्ही चहा पिऊन आलो तरी होता. अल्कोहोलवर सोडलेला फेस पाण्यात बत्तासा टाकावा तसा गेला, चर्र असा बारीक आवाज येत होता, कड आधी वितळली मग मधलं, आणि मी दुसरा चमचा सोडेपर्यंत पहिल्याचा मागमूस नव्हता. लॅबवाल्या मॅडमनी पाच वेळा करून बघितलं. साहेबांना बोलावलं, ते बराच वेळ बरणीकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, पहिलं कोटेशन बाजूला ठेव.

आता पाण्याचं. सध्या फायरसाठी ६०० घनमीटरची टाकी आहे, ती जुन्या प्लँटच्या हिशोबाने बांधलेली. कारखान्याचं स्प्रे पाँड (पाणी थंड करायचं तळं) आहे, ते फायर वॉटर म्हणून धरता येईल का? आणि कूलिंग नेमकं किती धरायचं?

डिझाईन_टेबल_पुणे

कूलिंग असं धरा. शेलचं क्षेत्रफळ पाय गुणिले १६ गुणिले १२, म्हणजे ६०३ चौरस मीटर, दर चौरस मीटरला ३ लिटर, म्हणजे १८१० लिटर दर मिनिटाला, हे पेटलेल्या टाकीसाठी. दुसरी टाकी त्याच डाईकमध्ये, त्रिज्या अधिक ३० मीटरच्या आतच येणार, तिलाही पूर्ण १८१०. फोमसाठीचं पाणी, १३८७ मधून ३ टक्के फोम वजा करून, १३४५ आणि होजचे १८९. सगळं मिळून ५१५४ लिटर, तासाला ३०९ घनमीटर. ओआयएसडीप्रमाणे चार तासांचा साठा धरला तर १२३७ घनमीटर. तुमचे ६०० दोन तासांत संपतात, आणि यात हायड्रंटवर लावलेले जादा होज मी धरलेलेच नाहीत.

स्प्रे पाँड बॅकअप म्हणून जोडा, जरूर जोडा, पण मुख्य साठा म्हणून दाखवू नका. एकतर गाळप बंद असताना पाँड साफसफाईसाठी रिकामा करतात आणि इथेनॉल तर टाक्यांत बाराही महिने असतं, दुसरं म्हणजे त्यातला गाळ आणि शेवाळ रेशो कंट्रोलरच्या (पाण्यात ठरल्या टक्क्यांनी फोम मिसळणाऱ्या भागाच्या) आधीच्या स्ट्रेनरमध्ये जाऊन बसेल.

स्प्रिंकलर रिंग दोन्ही टाक्यांना अर्ध्या अर्ध्या भागात वेगळ्या चालवता येतील अशा करा, म्हणजे शेजारच्या टाकीची फक्त आगीकडची बाजू भिजवून पाणी वाचवता येतं. डिझाईन मात्र पूर्ण घेरालाच करा.

जुबैलकर

मूळचा इस्लामपूरचा, बारा वर्षं सौदीत टँक फार्मवर आहे. उशिरा वाचतोय, राहिलेलं तेवढं लिहितो.

एआर फोम मधासारखा दाट असतो, ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की परत दाट. त्यामुळे रेशो कंट्रोलर त्याच फोमसाठी तपासलेला पाहिजे, साध्या एएफएफएफचा कंट्रोलर लावला तर कमी फ्लोला तो फोम पुरेसा ओढत नाही, ३ च्या जागी दीड-दोन टक्के जातो आणि बाहेरून बघून कुणाला कळत नाही. कमिशनिंगला रिफ्रॅक्टोमीटरने टक्केवारी मोजून घ्या, दोन्ही टाक्यांच्या लाईनवर वेगवेगळी, आणि नुसत्या एका होजच्या फ्लोवर पण मोजा. निव्वळ फोमची (पाण्यात न मिसळलेल्या) लाईन जीआय नको, एसएस घ्या.

ब्लॅडर टँक उघड्यावर ठेवू नका. आमच्याकडे इथे शेडशिवाय ठेवतच नाहीत आणि तुमच्याकडचं मे महिन्याचं ऊन काही कमी नाही. फोम भरताना सावकाश भरा, घाईत ब्लॅडर मुडपून फाटतो आणि मग आतलं पाणी आणि फोम एक होऊन जातं, हे वर्षानुवर्षं कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा सॅम्पल काढून लॅबला पाठवा. वेगवेगळ्या कंपन्यांचा फोम एका टँकमध्ये ओतायचा नाही, लेबलवर दोन्हीकडे एआर लिहिलेलं असलं तरी नाही.

कोणी फ्लोरिनमुक्त फोम सुचवेल. पीफासमुळे (फोममधली लवकर न विघटणारी फ्लोरिनची रसायनं) जग हळूहळू तिकडेच चाललंय आणि नवीन काम असेल तर विचार नक्की करा, पण तो घेतलात तर दर, कंट्रोलर, चेंबर सगळं त्याच्या लिस्टिंगने पहिल्यापासून काढायचं. आज एआर-एएफएफएफचं डिझाईन करून उद्या त्याच टँकमध्ये दुसरा फोम ओतता येत नाही.

आणि एक विचारायचं होतं, टाक्यांना आतला फ्लोटिंग रूफ (अल्कोहोलवर तरंगणारं झाकण) बसवणार आहात का? बसवलात आणि तो ॲल्युमिनियमचा हलका असला, तर फक्त कडेच्या सीलपुरता फोम धरू नका, आगीत तो वितळून बुडतो, हिशोब पूर्ण पृष्ठभागाचाच राहतो.

शिवडीचा_बंबवाला

जुबैलकरांनी कमिशनिंगचं काढलं म्हणून माझं एक सांगतो. एका डेपोत तपासणीला गेलो होतो, नाव घेत नाही. कागदावर सगळं व्यवस्थित, बाहेरून चेंबर नुकतेच रंगवलेले, लालभडक. मी म्हटलं शिडी लावा. वर जाऊन बघतो तर फोम मेकरला हवा घ्यायला जी बारीक जाळी असते तिच्यावर रंगाऱ्याने जाळीसकट रंग मारलेला, भोकं सगळी बुजलेली. दुसऱ्या चेंबरच्या जाळीच्या आत गांधीलमाश्यांचं पोळं, मातीसारखं घट्ट. हवा नाही म्हणजे फेस नाही, टाकीत नुसतं फोमचं पांचट पाणी पडलं असतं. चार नट काढून झाकण उघडलं तर आत काचेच्या सीलऐवजी प्लायवूडची चकती, वाहतुकीसाठी लावलेली, काढायचीच राहिलेली. त्या चकतीने वाफ अडते खरी, पण फोमच्या प्रेशरने ती फुटणार नव्हती. ती टाकी त्या अवस्थेत किती वर्षं भरलेली होती ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर ऑर्डरमध्ये लिहून घ्या की प्रत्येक चेंबर झाकण उघडून दाखवायचा, काच आणि ओरिफिस डोळ्यांनी बघायची, आणि फोम टाकीत न सोडता चेंबरच्या टेस्टच्या तोंडातून बाहेर काढून दाखवायचा. टेस्टचा फेस गटारात सोडू नका, गोळा करून ठेवा, तुमच्या ईटीपीवाल्याला (सांडपाणी शुद्धीकरणवाल्याला) आधी सांगा. आणि दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरून द्यायचा असतोच महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याखाली, त्या वेळी एजन्सीचा माणूस शिडीवर चढतो की खालूनच सही करतो ते स्वतः उभं राहून बघा.

वारणाकाठचा_मेकॅनिकल

सगळं वहीत उतरवून घेतलंय. जुबैलकर भाऊ, आतला फ्लोटिंग रूफ ॲल्युमिनियमचाच ठरलाय, त्यामुळे पूर्ण पृष्ठभाग धरूनच चौकशी परत काढतोय. एआर ३ बाय ३, इथेनॉलचं लिस्टिंग सोबत जोडायचं, टाकीला दोन दोन चेंबर, ओरिफिसवर आकडा कोरलेला, ब्लॅडर टँक शेडमध्ये, रिझर्व्हचा फोम वेगळा म्हणजे एकदा वापरला तर २४ तासांत सिस्टिम परत उभी राहील, आणि झाकण उघडून दाखवायची अट. पाण्यासाठी ७०० घनमीटरची आणखी एक टाकी सुचवलीय, साहेबांनी नाही म्हटलेलं नाही, जागा बघा म्हणालेत.

काका, थर्मल कॅमेऱ्याचं पण यादीत घातलंय. आणि आमच्या जुन्या दोन टाक्या आहेत, २००९ साली बांधलेल्या, त्यांच्या चेंबरला उद्या सकाळी शिडी लावतोय. काय निघतं ते इथेच लिहितो.

शिवडीचा_बंबवाला

लावा. एकटे चढू नका, लोडिंग बंद ठेवा, मोबाईल खाली ठेवून जा आणि आधी गॅस टेस्ट करून घ्या. ब्रासचे पाने वापरा.